लाऊन दे, ऱ्हाऊन दे

टेंभुर्णीच्या शिवारात सामाईक विहिरी काही कमी नाहीत, आणि सामाईक विहिरींवरची भांडणंही कमी नाहीत. पण बद्रीनाथ आणि त्याचा चुलतभाऊ भुजंग यांच्या विहिरीवर कधी मोठ्याने बोलणं झालेलं कुणी ऐकलं नव्हतं. चार दिवस पाणी बद्रीनाथच्या मोसंबीला, चार दिवस भुजंगच्या रानाला. विहीर साठ फूट, काळ्या दगडात फोडलेली. अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या, पुढे भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्या. तळाला पाणबुडी मोटार, तिचा लोखंडी पाइप काठावरून बाहेर आलेला, आणि पाइपाला जागोजागी बांधलेली केबल. काठापासून सात-आठ पावलांवर पत्र्याच्या पेटीत मेन स्विच आणि स्टार्टर. हिरवं बटन चालू, लाल बटन बंद. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं काम.

मोटारीची जाळी गाळाने तुंबली की कुणीतरी खाली उतरायचं, जाळी मोकळी करायची आणि वरच्या माणसाला आवाज द्यायचा. "लाऊन दे!" म्हणजे मोटार चालू कर. काम राहिलं असेल तर "ऱ्हाऊन दे!" म्हणजे थांब जरा. आता हे शब्द काही कुणी बसून ठरवले नव्हते. बोलता बोलता पडून गेले होते, आणि अंगणात उभं राहून बोललं तर ते दोन वेगळे शब्द होते. पण साठ फूट खालून घुमत घुमत वर येईपर्यंत त्यातलं पहिलं अक्षर दगडच खाऊन टाकायचे. वर पोचायचं ते एवढंच : "…ऊन दे!"

त्र्याण्णव सालच्या चैत्रात बद्रीनाथचा एकोणीस वर्षांचा पोरगा, मच्छिंद्र, जाळी काढायला उतरला. वर पेटीपाशी त्याची बहीण बेबीनंदा होती, चौदा वर्षांची. शेजारी भुजंगकाका उभा होता. खालून आवाज आला. बेबीनंदा थबकली. लाऊन की ऱ्हाऊन?

"लाऊन दे म्हनून राह्यला की. दाब," भुजंग म्हणाला.

तिने दाबलं. मच्छिंद्र त्या वेळी छातीएवढ्या पाण्यात उभा होता, आणि केबलीचा एक जोड पाण्यात उघडा पडलेला होता.

गावाला कळलं ते वेगळंच. लाइट गेली होती, ऑटो लावलेला होता, लाइट आली आणि मोटार आपोआप चालू झाली. हे भुजंगने सांगितलं, बेबीनंदाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आणि असं कुठं ना कुठं घडतच असतं म्हणून सगळ्यांना पटलंही. रात्री गर्दी पांगल्यावर तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तू चुकीचं ऐकलंस पोरी. पर मी कुनाला बोलनार न्हाई. तूबी बोलू नको."

यात त्या लेकराचं काय चुकलं, असं कुणीही म्हणेल. पण म्हणायला आधी कुणाला ठाऊक तर पाहिजे ना! बेबीनंदा मुळात ठसक्याची. शाळेत पोरांना सरळ करणारी, मास्तरांना उलट विचारणारी. ती पोरगी दोन वर्षं गोगलगायीवाणी अंग आत ओढून बसली. भुजंगकाका घरी आला की पाणी द्यायची आणि खाली मान घालून आत निघून जायची. तो तिच्याकडे बघून नुसतं हसायचा. बद्रीनाथला वाटायचं, भावाच्या दुःखानं पोरगी मुकी झाली. विहिरीकडे ती दोन वर्षांत एकदाही फिरकली नव्हती.

पंच्याण्णवच्या एप्रिलात तिचे दहावीचे पेपर संपले. घरात मोकळी पोरगी दिसली की आयांना कामं सुचतात. गिरिजाबाईने तिच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि मळ्यात धाडलं. बेबीनंदा विहिरीची वाट टाळून वरच्या बांधाने गेली. तिथे, विहिरीपासून चारशे पावलांवर, तो लोखंडी पाइप संपायचा आणि त्याच्या तोंडातून पाणी दंडात, म्हणजे बागेच्या पाटात, पडायचं. त्या वेळी लाइट नव्हती. पाइप कोरडा होता, दंड कोरडा होता, मोसंबीखाली पाखरंसुद्धा गप्प होती. ती चप्पल झटकायला वाकली आणि पाइपातून आवाज आला.

"…ऊन दे."

पाइपात हवा अडकली की तो बोलतो, हे तिला ठाऊक होतं. तो गुरगुरतो, शिटी मारतो. पण तो "दे" म्हणत नाही. तिने पाइपाच्या तोंडावर तळहात धरला. आतून गार हवा येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. तिने हात काढून घेतला, भाकरी झाडाच्या बेचक्यात अडकवली आणि बापाला हाक न मारताच घरी आली.

दोन दिवसांनी अंगणात तांब्याचा हंडा घासत होती. हंडा मोठा, आतली चिंच-राख पुसायला डोकं आत घालावं लागायचं. डोकं आत होतं आणि कानाजवळ, अगदी कानाजवळ, तोच आवाज आला. घाईचा. खालचा माणूस दमून जसा ओरडतो तसा. तिने डोकं बाहेर काढलं. गिरिजाबाई समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

त्या दिवसापासून बेबीनंदाला पोकळ भांड्याचं भय वाटायला लागलं. रांजणावरचं झाकण ती एक हात लांब राहून काढायची. पण भयापेक्षा मोठं एक होतं, आणि ते आपण सरळच सांगून टाकू : तिला जाणून घ्यायचं होतं. आवाज दादाचा होता, यात तिला तसूभर शंका नव्हती. मग तो दोन वर्षांनी का होईना, तिला तेच सांगत होता ना! फक्त पहिलं अक्षर कळत नव्हतं. "ऱ्हाऊन" असेल तर ती खुनी. "लाऊन" असेल तर तिची सुटका. एका अक्षरावर तिचं सगळं आयुष्य अडकलं होतं.

तिसऱ्या खेपेला ती आपणहून गेली. भरदुपारी. पाइपाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसली आणि आत तोंड घालून म्हणाली, "दादा, काय म्हनलास रे त्या दिवशी? एकडाव धड सांग की."

बराच वेळ काही नाही. मग पाइपातून आलं, पण तोंडाशी नाही, थोडं लांबून. ती चार पावलं पाइपाच्या कडेने चालली, लोखंडाला कान लावला. आवाज आणखी पुढे. पुन्हा चालली. असं करत करत, ऊन डोक्यावर घेऊन, ती कधी विहिरीपर्यंत आली ते तिचं तिलाच कळलं नाही.

काठावर भुजंग उकिडवा बसला होता. अर्धा आत वाकलेला. हातात चाकू होता. पाइपाला जिथे केबल बांधलेली होती तिथली काळी कातडी तो खरडत होता, आणि आतलं तांबं उन्हात लखलखत होतं. ते उघडं तांबं त्याने बोटाने दाबून पाइपाला टेकवलं आणि वरून सुतळी आवळली.

मग त्याला तिची सावली दिसली.

"उंदरानं कुरतडली व्हय वायर," तो म्हणाला. जरासुद्धा दचकला नाही. "टेप मारून राह्यलो. तू इकडं कशी? दोन साल झाले, या बाजूला आली न्हाईस."

"अशीच."

"बरंच झालं. सवय पायजे." त्याने खरडलेल्या जागेवर ओलं पोतं टाकलं. "बद्रीनाथच्या मागं कोन हाय सांग बरं? पोरगीच. पोरगी आज ना उद्या जानार. मळा शेवटी मलाच बघायचा हाय ना."

हे तो अगदी घरच्यासारखं, मायेने बोलला. बेबीनंदा घरी आली तेव्हा तिचे दात वाजत होते, आणि बाहेर अंगाची लाही होत होती.

विजेचा धडा तिने गेल्याच महिन्यात तोंडपाठ केला होता. तांबं, लोखंड, पाणी. बटन दाबलं की पाइपाला हात लावणारा माणूस जागच्या जागी संपणार. एवढं कळायला दहावीसुद्धा नको.

दुसऱ्या दिवशी मोटार पाणी ओढेना. तिसऱ्या दिवशीही नाही. मोसंबीला फळ लिंबाएवढं झालेलं, त्या दिवसांत पाणी चुकलं की झाड फळ टाकून देतं. बद्रीनाथ बागेतून यायचा तो मूठभर हिरवी गळ घेऊन यायचा आणि उंबऱ्यावर ठेवून नुसता बघत बसायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी भुजंग येऊन म्हणाला, "जाळीत काही तरी अडकलंय. उतरावं लागंल. माझी पाठ धरलीय, न्हाईतर मीच उतरलो असतो."

"उतरतो ना मी सकाळी," बद्रीनाथ म्हणाला. "वर तू थांब."

"मी हायेच. पर बटनावर बेबीला बसवू. तिला सगळं बराबर ठाऊक हाय."

गिरिजाबाईच्या हातातली पळी खाली पडली. "तिला नका नेऊ. त्या विहिरीवर माझ्या लेकराला नका नेऊ हो."

बेबीनंदा चुलीपाशी होती. नाही म्हणायला तिच्या ओठावर आलं होतं. पण ती नाही म्हणाली तर बटनावर कोण बसणार? भुजंगच.

"मी बसते," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

जेवताना तिने बापाला गाठलं. "आबा, ती वायर खराब हाय. पाइपाला लागलेली हाय. मी बघितली."

"भुजंगनं टेप मारलाय तिथं. सांगितलं त्यानं मला."

"त्यानं न्हाई मारला टेप. त्यानं…"

आणि तिथे शब्द अडकला. पुढचं सांगायचं तर ते मागचंही बाहेर पडणार होतं. उद्या भुजंग चारचौघांत म्हणणार, हिनेच भाऊ मारला, आता माझ्यावर ढकलते. आणि ते खोटं तरी कुठे होतं? समोर माय बसलेली, तिच्या कपाळावर दोन वर्षांपासूनची ती एक आठी. बेबीनंदाने घास गिळला.

"त्यानं काय?" बद्रीनाथने विचारलं.

"काही न्हाई."

लाज वाटावी अशी गोष्ट होती, आणि तिला ती वाटली. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तिने एक ठरवून टाकलं : काही झालं तरी उद्या तिचं बोट त्या बटनाला लागणार नाही, आणि दुसऱ्याचंही ती लागू देणार नाही. मग दादा पाइपातून काय वाटेल ते म्हणो.

सकाळी अकराला लाइट आली. शेजारच्या रानात गोजरबाई आणि मालनबाई धसकटं वेचत होत्या. बद्रीनाथने धोतर खोचलं, मेन स्वतःच्या हाताने पाडली आणि कमरेला पाना बांधला.

"आबा, नका उतरू. वायर उघडी हाय तिथं. पोतं काढून बघा तरी."

भुजंग हसला. "दहावीचा पेपर दिला अन् पोरगी वायरमन झाली!"

बद्रीनाथही हसला. बिचारा. "मेन पाडलेली असली की वायर म्हंजे सुतळी, बाई. फळ गळून राह्यलं, टाइम नको घालवू." आणि तो पायऱ्या उतरायला लागला. मग कड्या. मग त्याचं डोकं सावलीत गेलं आणि नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज राहिला.

भुजंग पेटीपाशी येऊन उभा राहिला. त्याने शांतपणे मेन वर केली. पेटी गुणगुणायला लागली.

"काका, मेन पाडा."

"जादा शहानी होऊ नको." त्याचा आवाज अजूनही मायेचाच होता. "तुझं ते बटन दोन साल माझ्या पोटात हाय. आता ऐक. खालून आवाज आला की दाबायचं. तू न्हाई दाबलंस तर मी दाबतो, अन् नाव तुझंच घेतो. एकदा दाबलंय, दुसऱ्यांदाबी हिनंच, असं म्हनंल गाव. बिलकुल खरं वाटंल."

त्याच वेळी खालून आवाज आला. चांगला मोठा, घुमणारा.

"लाऊन दे!"

बेबीनंदाच्या अंगावर काटा आला. पहिलं अक्षर स्पष्ट होतं. दोन वर्षं ती ज्या अक्षरासाठी तडफडत होती ते आज चोख, धुतल्यासारखं वर आलं होतं. आवाज बापाचा होता आणि दादाचाही होता.

"ऐकलंस?" भुजंग म्हणाला. "तुझा बापच म्हंतो. लाव."

"न्हाई."

"लाऊन दे!" पुन्हा आला. आता बांधापलीकडून गोजरबाईने मान वर केली. तिलाही ऐकू गेलं होतं.

"अगं ए पोरी," ती ओरडली, "बाप कवाचा लाऊन दे म्हनून राह्यला, लाव की मोटार! ध्यान कुठं हाय तुझं?"

भुजंगचं तोंड उजळलं. साक्षीदार म्हणावा तर आयता, आणि तोही त्याच्याच बाजूचा. त्याने हिरव्या बटनाकडे हात नेला. "सरक."

ती सरकली नाही. त्याने तिला ढकललं. ती पेटीवर आपटली, तिचा ओठ फुटला.

"सरक, न्हाईतर सांगू का गोजरबाईला? सांगू का तू काय केलंस ते?"

आणि इथे त्याची चूक झाली. दोन वर्षं ज्या दोरीनं त्याने तिला बांधलं होतं, ती त्याने एकदा जास्तच ओढली.

"तू काय सांगतोस!" बेबीनंदा ओरडली. असा आवाज तिच्या गळ्यातून निघतो हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. "मीच सांगते! गोजरआजी, मालनकाकू, ऐका! ऑटो-बिटो काही न्हवता! दादा खाली असताना बटन मी दाबलं! मी! माझ्या हातानं! यानं म्हनलं दाब, अन् मी दाबलं!"

रानातल्या दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अन् आता हा आबाला मारून राह्यला! इकडं या! पळा!"

ती पेटीपासून पळाली ते थेट काठावर. ते पोतं उचलून फेकून दिलं. खाली तांबं चमकत होतं. तिने दोन्ही हातांनी तो लोखंडी पाइप घट्ट धरला, आणि वळून भुजंगकडे बघितलं.

"लाव आता."

त्याचा अंगठा हिरव्या बटनावर होता.

"लाव ना! माझ्यासकट लाव! मंग सांग गावाला, कुनी दाबलं ते!"

गोजरबाई विळा घेऊन धावत येत होती. मालनबाई तिच्या मागे.

"लाऊन दे!"

खालून आला.

"लाऊन दे!"

आता खालून नव्हता. पाइपातून होता. लोखंड तिच्या तळहाताखाली थरथरत होतं. आवाज लाडात होता, हट्टाला पेटलेला होता, दादाचा होता.

तिने पाइपावर तोंड टेकवलं. "न्हाई लावनार," ती म्हणाली. "तू कुनीबी अस. न्हाई लावनार म्हंजे न्हाई लावनार."

पाइप थरथरायचा थांबला.

गोजरबाई काठाशी पोचली. तिने उघडी केबल पाहिली, पाइपाला चिकटलेली पोरगी पाहिली, आणि बटनावरचा हात पाहिला. सत्तरीची बाई, पण अशी कडाडली की मालनबाईही दचकली. "मेन पाड, भाड्या! पाड आधी, न्हाईतर हा हातच तोडते!"

त्याने मेन पाडली. पेटीची गुणगुण बंद झाली. मालनबाईने बेबीनंदाची बोटं एक एक करून पाइपावरून सोडवली, ती सुटतच नव्हती. तोवर भुजंग बांध ओलांडून गेला होता. त्याला संध्याकाळी बसस्टँडवर गावानेच धरला, पोलीस आले, पंचनामा झाला, त्याने दोन्ही वेळचं कबूल केलं आणि मग नाकबूलही केलं. ते सगळं पुढचं.

बद्रीनाथ वर आला तो दमून. हातात जाळीतून काढलेला गोणपाटाचा बोळा होता. तो काठावरच बसला, पाय विहिरीत सोडून. बायकांनी एकमेकींचं तोडत तोडत त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. केबलीकडे बघत होता. ती त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

"आबा," बेबीनंदा म्हणाली. तिला त्याच्या जवळ जायचं धैर्य होत नव्हतं. "दादाला मी मारलं. तो ऱ्हाऊन दे म्हनला असंल. मला लाऊन दे ऐकू आलं."

बद्रीनाथने हात लांब केला, तिला ओढून शेजारी बसवलं आणि तिच्या फुटलेल्या ओठावरचं रक्त धोतराच्या सोग्यानं पुसलं. हे करताना तो रडत होता, आणि त्याने ते लपवलं नाही.

"तुझ्या हातानं झालं, पर तू न्हाई मारलंस," तो म्हणाला. "पुन्हा तसं म्हनायचं न्हाई. घरी मायला मी सांगतो."

मालनबाईने तांब्या दिला. तो घटाघटा पाणी प्यायला.

"पर एक सांग," तो जरा वेळाने म्हणाला. "ऱ्हाऊन दे, ऱ्हाऊन दे म्हनून मी मघापासून घसा फोडून राह्यलो. तरी तुझं आपलं सारखं तेच. लावू का आबा, लावू का. एवढी कसली घाई?"

"मी कवा इचारलं?"

"इचारलंस की. धा-बारा डाव इचारलंस. हसत हसत."

"न्हाई हो," गोजरबाई म्हणाली. "ती तर लावनार न्हाई म्हनून बोंबलत होती. अख्ख्या शिवारानं ऐकलं."

बद्रीनाथने लेकीकडे पाहिलं. मग तांब्या हळूच बाजूला ठेवला.

"तुझाच आवाज होता," तो म्हणाला. "वर मान करून करून मी जवाब देत होतो. लई येळानं ध्यानात आलं माझ्या. आवाज वरून येत न्हवता."

आणि विहिरीत सोडलेले दोन्ही पाय त्याने एकेक करून वर ओढून घेतले.